कानांचं निमित्त

दामाजीच्या नातीचा, मनालीचा, साखरपुडा झाला तो मार्गशीर्ष; दोन हजार चोवीस साल सरत आलं होतं. त्याच महिन्यात त्याचं आणि आवाजाचं भांडण लागलं. तोपर्यंत बहात्तर वर्षं दोघं गुण्यागोविंदाने नांदले होते. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात त्याचा जन्म. तिथे हळू कुणी बोलतच नसे, कारण वाऱ्यावर एका होडीतून दुसऱ्या होडीत बोलायची सवय घरातही सुटत नसे. पुढे खाडीतली मासळी आटली तसा तो डोंबिवलीला रंगाच्या कारखान्यात बॉयलरवर लागला, तिकडेच राहायला गेला आणि पस्तीस वर्षं वाफेच्या शिट्टीशेजारी उभा राहिला. तिथेच, चाळिशी उलटल्यावर, साक्षरतेच्या वर्गात त्याने पाटीवर अक्षरं गिरवली. आवाजाने त्याचं कधी काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते त्या सोमवारी, चेंदणीत बहिणीच्या खोलीत, मांडीवर दोनशे पानी वही आणि हातात पेन घेऊन बसला असताना. बहीण समोर खाटेवर होती, तिचे ओठ किंचित हलत होते, आणि दामाजीच्या कानात मागे येणाऱ्या ट्रकची पिपाणी वाजत होती. ट्रक कुठेच नव्हता. तो त्याने तासाभरापूर्वी शीळफाट्यावर मागे टाकला होता.

बहिणीचं नाव सरस्वती. त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. तो तिला बाय म्हणे. ती धवलारीण होती. कोळ्यांच्या लग्नात भटजी येतो तो नंतर, आधी धवलारीण लागते. घाणा भरायचा, उंबराची फांदी आणायची, हळद लावायची, नवरी वाटेला लावायची, ज्या त्या वेळेला तिचं गाणं, म्हणजे धवला, हवा, आणि ती गाणी कुठे लिहिलेली नसतात. सासूच्या सासूकडून सरकत आलेली, तिच्या पोटात होती तेवढीच. साखरपुड्यात मुलाकडच्या माणसांनी हळदीला डीजे सांगून टाकला, तेव्हा मनाली सरळ म्हणाली की डीजे वाजवायचा तेवढा वाजवा, पण धवला माझ्या बाय आजीचाच होणार. सगळ्यांच्या माना बाय आजीकडे वळल्या. ती भिंतीला टेकून श्वास गोळा करत बसली होती. छातीचे डॉक्टर तिच्या सुनेला, रचनाला, बाजूला घेऊन काय म्हणाले ते एव्हाना साऱ्या गोताला ठाऊक होतं: फुप्फुसं निम्मी उरली आहेत, मोठ्याने बोलू देऊ नका, उन्हाळा निघाला तर देव पावला. लग्न वैशाखात होतं. सरस्वती म्हणाली, आपल्याला आता गायाला जमणार नाही, पण दाम्याला लिहिता येतं, त्याला सांगते. कुणीतरी म्हणालं, अगं लिहिता तर आम्हा सगळ्यांना येतं.

"तुमाना लिवाय येतं," ती म्हणाली, "पन बोलनं कलत नाय."

दामाजीला त्या वाक्याचा गर्व झाला. मनालीच्या लग्नातल्या पाहुण्यांना मोठेपणी पाटी धरलेला हा म्हातारा घरातला लेखक म्हणून दिसणार होता. त्याने वही आणली, वर श्री काढला. आणि मग महिनाभर त्या वहीत जे उतरलं ते बघून त्याचा त्यालाच संताप येई. पहिल्या पानावर एक ओळ: पाणी भरलं भरतीचं, हळद भिजली कोणाची. तिच्या खाली तीच ओळ. तिच्या खाली परत तीच. कारण व्हायचं असं की सरस्वती ओळ सांगे, तो जीव लावून एकेक अक्षर सुटं सुटं काढी, आणि मान वर करून बघावं तर तिचे ओठ हलत असत पण कानात फक्त पिपाणी. तो विचारी, काय म्हणालीस? ती परत पहिल्यापासून ओळ सांगे. तेवढी त्याला ऐकू येई. पुढची येत नसे. तो लिही, परत मान वर, परत पिपाणी. असं चार-पाचदा झालं की तिला दम लागे, रचना आतून येई आणि वाफेचं यंत्र लावी, आणि यंत्राच्या घरघरीत त्या दिवसाचं काम संपे. दीड तास यायला, दीड तास जायला, आणि मधे एक ओळ. तीही कालचीच.

दोष रस्त्याचा होता यात त्याला शंका नव्हती. गाडीने आला असता तर पाऊण तासात आला असता, पण स्टेशनच्या पुलाचे जिने त्याच्या गुडघ्यांना झेपत नव्हते, म्हणून आधी रिक्षा आणि मग शीळफाट्यावरून फिरून येणारी बस. रिक्षावाल्याने सीटच्या मागे, बरोबर माणसाच्या मानेजवळ, दोन डबे बसवलेले, त्यातून ढोल असा बडवला जाई की दामाजीच्या कवळीला ते कळे. बस निघाली की मेट्रोच्या खांबांचं खोदकाम सुरू. जमिनीत पहार घालणारं ते यंत्र एका संथ लयीत ठोकत असे आणि प्रत्येक ठोक्याला बसच्या काचा दात वाजवत. ट्रक मागे येताना पिपाणी वाजवत, पुढे जाताना हॉर्न वाजवत आणि उभे असले की नुसते घुरघुरत. भंगारवाल्याने ओरडायचं सोडून रेकॉर्ड लावलेली, तीच बाई तोच फ्रिज तीच बॅटरी, सिग्नल सुटेपर्यंत. आणि बसमध्ये प्रत्येकाच्या हातात मोबाइल, प्रत्येकाचा आवाज उघडा, एकाचा विनोद दहा सेकंदांत संपे आणि लगेच परत तोच विनोद सुरू होई, त्यावर तो माणूस परत तितकाच हसे. दामाजीने एकदा एकाला सांगून पाहिलं. तो म्हणाला, काका, तुम्हाला प्रॉब्लेम आहे तर कानात घाला ना काहीतरी. म्हणजे गोंगाट करणाऱ्याने काही करायचं नाही, ज्याला गोंगाट नको त्याने आपले कान झाकायचे. घरात उंदीर झाले तर माणसानेच पिंजऱ्यात जाऊन बसावं तसं. पण ते बोलणं त्याच्या डोक्यात राहिलं.

मनालीने आधी सोपा उपाय केला होता. एका रविवारी तिने बाय आजीसमोर मोबाइल ठेवला, रेकॉर्डिंग लावलं, म्हणाली, आबा, तू फुकट दमू नकोस, मी ऐकून टाइप करते. घरी येऊन लावलं तर अर्ध्या तासात पहिली ओळ दोनदा, आणि बाकी सगळं पुलाच्या कामाची ठोकाठोकी, शेजारचा कुकर आणि पत्र्यावरचे कावळे. मनाली हिरमुसली. तिला वाटलं, आजीचा आवाज मोबाइलने धरला नाही. दुसऱ्या दिवशी दामाजीने हे सांगितलं तेव्हा रचना म्हणाली की सासूबाई हल्ली मध्येच गप्पच होतात, बोलतच नसतील. दामाजीला ते झोंबलं. त्याला वाटलं, ही आपल्या कानांवर पांघरूण घालते आहे, किंवा सासूला वेडगळ ठरवते आहे. तो म्हणाला, ती बोलते, मी ओठ पाहिलेत. रचनाने खांदे उडवले. ती घाटावरची, लग्न होऊन आली तेव्हा डीजे सुरू झालेला, तिला धवल्यातलं काय कळणार.

पण त्या दिवशी बसमध्ये परतताना, खिडकीशी डोकं टेकून, एक विचार त्याच्या मनात आला आणि त्याने तो चटकन बाजूला सारला. कान ठीक असतील तर? आपण विचारलं की ती तीच ओळ सांगते, दर वेळी तीच, याचा अर्थ पुढची ओळ तिच्यापाशी उरलीच नसेल तर? एक्क्याऐंशी वर्षांची बाई, मेंदूला हवा पुरत नाही. आत सगळं पुसून गेलं असेल आणि उंबऱ्यावर एकच ओळ राहिली असेल. हे खरं असलं तर वहीला काही अर्थ नव्हता, वैशाखाला काही अर्थ नव्हता. त्यापेक्षा आपले कान गेलेले परवडले. कानांवर इलाज असतो. बस मुंब्र्याच्या वळणावर रखडली, शेजारच्या मोबाइलवरचा विनोद सातव्यांदा संपला, आणि दामाजी मोठ्या आशेने त्या आवाजावर चिडला.

मग इलाज सुरू झाले. पहिले मनालीचे जुने बिनतारी इअरफोन, काडीला टांगलेल्या दुधीसारखे लोंबणारे. डाव्या कानातला बसे, उजव्या कानातला दर खड्ड्याला बाहेर उडी मारी. तिसऱ्या दिवशी तो रिक्षातून खाली गेला आणि मागच्या रिक्षाने त्याचा निकाल लावला. मनाली काही बोलली नाही, पण तिचं तोंड पाहून दामाजीलाच वाटलं की पोरीने चार शब्द सुनवले असते तर बरं. मग औषधाच्या दुकानातून मऊ फोमचे बोळे आणले, पिळून कानात घालायचे आणि फुगू द्यायचे. कारखान्यात अशीच काहीतरी सोय होती, कुणी वापरत नसे, बोळे घातलेल्याला बायल्या म्हणत. बोळ्यांनी जग बंद केलं खरं, पण आतलं उघडलं. स्वतःचं गिळणं, स्वतःची नाडी, पावलागणिक टाचेचा धक्का थेट कवटीत. आणि पिपाणी. बाहेर काही नाही म्हटल्यावर ती ऐटीत बसून वाजू लागली. शिवाय कंडक्टर समोर उभा राहून तीनदा तिकीट विचारून गेला ते याला कळलंच नाही. बसभर हशा झाला तो त्याने पाहिला, ऐकला नाही. आवाज नसलेलं हसणं फार वाईट दिसतं.

लहानपणी बापाने त्याला ऐकायला शिकवलं होतं. खाडीत ढोमी माशांचा थवा आला की पाण्याखाली गुरगुरतो. बाप वल्हं थांबवी, होडीच्या तळाच्या फळीला कान लावी, आणि बोटाने दामाजीलाही खाली वाक म्हणून खुणावी. फळी थंड, ओली, डांबराच्या वासाची. तिथे बाप श्वासही घेऊ देत नसे. एकदा दामाजी मोठ्या उत्साहाने बोलून गेला, आलं आलं, ऐकू आलं, तर बापाने ओल्या हाताने अशी थोबाडीत दिली की कानात त्या दिवशीही अशीच पिपाणी वाजली. आयकाचा तं गप ऱ्हवाचा, बाप म्हणाला. ते त्याने जन्मभर पाळलं. आता बायसमोर बसे तो तसाच, श्वास आवरून, पेनाचं टोकही न हलवता. तिच्या तोंडून काही निसटू नये म्हणून तो दगड होऊन बसे. फळी तीच होती, खालचं पाणी मात्र मुकं झालं होतं.

जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. मनाली मोबाइलवर यंत्रांचे फोटो दाखवी, हे बघ आबा, हे चाळीस टक्के आवाज कमी करतं, हे पंचेचाळीस. तो विचारी, कशाच्या चाळीस टक्के? तिला सांगता येत नसे. एकाखाली लोकांनी लिहिलेलं त्याने चष्मा लावून अक्षर अक्षर वाचलं: एक म्हणतो जीवन बदललं, त्याच्या खालचा म्हणतो डब्बा आहे. माणूस विश्वास ठेवणार कुणावर. हे पडेल, त्याची बॅटरी जाईल, ते कानात दुखेल, असं प्रत्येकात त्याला काहीतरी खोट दिसे. मनाली एकदा वैतागून म्हणाली, आबा, तुला घ्यायचंच नाहीये. तो उखडला, ओरडला, म्हणाला मला काय हौस आहे का. पण तिचं बोलणं त्याच्या वर्मी लागलं होतं. चांगलं यंत्र मिळालं, कान शांत झाले, आणि तरीही बायच्या तोंडून पुढची ओळ आली नाही, तर काय करायचं? तोपर्यंत तक्रार करायला रस्ता तरी होता.

शेवटी मार्चमध्ये, सरस्वतीला चार दिवस इस्पितळात ठेवून घरी आणलं तेव्हा, तो एकटाच नौपाड्यात उतरला आणि एका दुकानात शिरला. काउंटरवर रसिका नावाची चाळिशीतली बाई होती, तिच्या छातीवर नावाची पट्टी होती म्हणून त्याने वाचलं. तिने आधी विचारलं, आजोबा, गाणी कुठली ऐकता? तो म्हणाला, कुठलीच नाही. मग फोनवर फार बोलता? नाही. मग एवढं यंत्र घेऊन ऐकणार काय?

"बहिणीचं ऐकायचंय," दामाजी म्हणाला. "रस्ता कानात भरून तिच्यासमोर जायचं नाही."

ती बाई हसायची थांबली. तिने सगळे चकचकीत डबे बाजूला सारले आणि कान बघू म्हणाली. एवढ्या वर्षांत बायकोनेही त्याचा कान असा पाहिला नव्हता. डावं भोक मोठं, उजवं लहान, तिने जाहीर केलं, म्हणून तर उजवा पडत होता. दोन्ही कानांना एकाच मापाचं रबर घालायचं असतं असं कुणी सांगितलं तुम्हाला? तिने डाव्याला मधलं आणि उजव्याला सर्वांत छोटं रबर लावून दिलं. मग हे यंत्र काय करतं ते सांगितलं: बाहेरचा आवाज हे स्वतः ऐकतं आणि बरोबर त्याच्या उलटा आवाज करून त्याला मारतं. म्हणजे आवाज मारायला आणखी एक आवाज, दामाजी म्हणाला. हो, ती म्हणाली, सासू-सुनांसारखं. इंजिनाची घरघर, खोदकाम, ते मरतं. माणसाचं बोलणं आणि हॉर्न पूर्ण मरत नाही, हे आधीच सांगते, नंतर येऊन भांडू नका. आणि दुकानात घालून हो म्हणू नका, इथे एसी आहे, इथे सगळेच हो म्हणतात. बाहेर नाक्यावर जाऊन उभे राहा. बॅटरी बघून काय, कंपनी बघून काय, तुमच्या कानात बसतं का आणि तुमचा रस्ता त्यात मरतो का, एवढंच बघायचं.

तो नाक्यावर उभा राहिला. एक बस अंगावरून गेल्यासारखी गेली आणि तिला इंजिनच नव्हतं. सिग्नलला उभ्या रिक्षा थरथरत होत्या पण घुरघुरत नव्हत्या. हॉर्न होते, पण लांब, कुणीतरी पलीकडच्या गल्लीत भांडावं तसे. कानात एक बाई इंग्रजीत काहीतरी बोलून गेली आणि मग काही नाही. समोरून एक टँकर मागे येत होता, त्याची पिपाणी बारीक ऐकू येत होती, आणि कानातली जुनी पिपाणी तिच्याखाली वेगळी ऐकू येत होती. दोन वेगळ्या आहेत हे त्याला प्रथमच कळलं. आत जाऊन त्याने रसिकाला सांगितलं, हेच द्या. ती म्हणाली, बहिणीला नमस्कार सांगा.

तीन एप्रिलला, गुरुवारी, तो ती यंत्रं घालून डोंबिवलीहून निघाला. दीड तास त्याने शहर काचेतल्या माशांसारखं पाहिलं. तोंडं उघडत होती, मिटत होती. चेंदणीत बायच्या दाराशी त्याने यंत्रं काढली, डबीत ठेवली आणि उंबऱ्यावर क्षणभर उभा राहिला, कारण आत जायची त्याला भीती वाटत होती. कान धुतल्यासारखे झाले होते. पंख्याचं एक पातं दर फेऱ्याला टिक करत होतं. मोरीत नळ ठिबकत होता. पत्र्यावर कावळा चालला तर त्याच्या नख्या ऐकू येत होत्या. हे सगळं इतके दिवस इथेच होतं. तो बसला, वही उघडली. सरस्वती आणखी बारीक झाली होती, उशांच्या मध्ये हरवल्यासारखी. तिने डोळे उघडले, त्याला ओळखलं, आणि तोच हळदीचा धवला सुरू केला. पाणी भरलं भरतीचं, हळद भिजली कोणाची. शब्दन् शब्द स्वच्छ आला, तिच्या घशातली खरखरही आली. त्याने ओळ लिहिली नाही, ती होतीच. त्याने श्वास धरला. ओठ हलत होते. आणि त्या खोलीत पंख्याची टिकटिक, नळ, कावळा, तिचा श्वास, एवढंच होतं. ती बोलत नव्हती. रस्त्याचा काही दोष नव्हता. कानांचं निमित्त संपलं होतं.

रचना खरी ठरली हे एक, आणि बाय आतून रिकामी झाली हे दुसरं, आणि यातलं कुठलं जास्त जिव्हारी लागतं आहे ते त्याला कळेना. मग त्याने प्रथमच, ऐकायची खटपट सोडून, तिच्याकडे नुसतं पाहिलं. तिची नजर शून्यात नव्हती. ती त्याच्याकडे बघत होती, आणि चांगलीच वैतागून बघत होती. डावा हात चादरीवर होता, बोटं ताल धरून होती. उजवा हात उताणा, त्याच्याकडे केलेला, काहीतरी मागितल्यासारखा. लहानपणी तो जाळ्याचा धागा वेळेवर पुढे करत नसे तेव्हा ती असाच हात करी.

"बाय, फुडचा आठवत नाय काय गो?" त्याने शेवटी विचारलं.

"मना सगला आठवतंय," सरस्वती म्हणाली. एकेका शब्दाला श्वास घेत म्हणाली. "झील कोन धरल? तू मुक्यावानी बसतंस. मी कवाची थांबलंय."

दामाजीने पेन खाली ठेवलं. झील. हौशाबाय. धवलारीण ओळ म्हणे, आणि मागे बसलेली हौशाबाय आणि दोन-चार बाया तीच ओळ उचलून परत म्हणत, आणि त्यांच्या आवाजावर पाय देऊन धवलारीण पुढच्या ओळीवर जाई. चाळीस वर्षं हौशाबाय तिच्या उजव्या हाताला बसली. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत हौशाबाय गेली, त्यानंतर सरस्वतीने धवला म्हटलेला नव्हता. हे त्याला माहीत होतं आणि माहीत नव्हतं. आयुष्यात शंभर लग्नांत त्याने धवला ऐकला असेल, पण तो बाहेरून, मांडवाचे बांबू बांधता बांधता, पुरुषांच्या गलक्यातून. तिथून सगळ्या बायांचा मिळून एकच आवाज ऐकू येतो. कोण म्हणतं, कोण उचलतं, हे बघायला कुठला पुरुष आत गेला होता? आणि इथे हा तीन महिने बापाने शिकवलं तसा गप बसला होता. मासळी ऐकायची तर गप बसावं लागतं. ही मासळी नव्हती. ही दर ओळीला हात पुढे करत होती, आणि हा काय म्हणालीस विचारत होता, म्हणून बिचारी परत पहिली ओळ देत होती, की आता तरी उचलेल. ओठ हलत होते ते हौशाबायचं म्हणणं तिचं तीच मनात म्हणून बघत होती म्हणून. त्यावर पाय ठेववत नव्हता. आणि याने शहरभर भांडणं काढली, नातीचं यंत्र घालवलं, चाळीस टक्के आणि पंचेचाळीस टक्के. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. डॉक्टरांनी मोजून दिलेले महिने.

त्याला स्वतःचा भयंकर राग आला. शिवाय लाज. पुरुषाने झील धरायची नसते असं नाही, पण कधी कुणी धरली नव्हती. आत रचना भांडी लावत होती. दामाजी खाकरला आणि बॉयलरवरच्या माणसाच्या त्या भसाड्या आवाजात म्हणाला, पाणी भरलं भरतीचं, हळद भिजली कोणाची. रचनाची भांडी थांबली. सरस्वतीने डोळे मिटले, बोटं चादरीवर एकदा आपटली, आणि थांबायचं नाव न घेता म्हणाली, हळद भिजली मनूची, गोत उभं काठाशी. दामाजीने ती उचलली. तिने पुढची टाकली. ती बारीक आवाजात पुढे आणि हा मागे, ओझं वाहणाऱ्यासारखा. हळदीचा धवला संपला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की उचलण्याच्या नादात लिहायचं राहून गेलं, आणि मग घाबरून बघतो तर सगळं तोंडात होतं. प्रत्येक ओळ एकदा तोंडातून गेलेली, ती कुठे जाणार. त्याने एका बैठकीत चार पानं भरली. सरस्वती म्हणाली, हौशीचा आवाज बरा होता. आणि झोपली.

त्यानंतर तो रविवारीही जाऊ लागला. उंबराचा आला, घाण्याचे दोन आले, मांडवाचा आला. दिवसाला एकच होई, कारण अर्ध्या धवल्यातच तिचे ओठ निळे पडत. यंत्रं तो अजूनही घाली. आता ती बहिणीसाठी नव्हती, तोंडातलं सांडू नये म्हणून होती. परतताना त्या शांततेत तो दिवसभराच्या ओळी मनात घोळवी, एक बायच्या आवाजात, एक आपल्या. एकदा बसमध्ये कुणीतरी त्याच्या दंडाला हात लावला. त्याने यंत्र काढलं. शेजारची बाई म्हणत होती, काका, जरा हळू. त्याने आजूबाजूला पाहिलं. सगळी बस त्याच्याकडे बघत होती, मोबाइल खाली करून. कान झाकलेला माणूस किती मोठ्याने बोलतो ते त्याला कळत नाही. तो कितीतरी वेळ, खाडीवरच्या आवाजात, झील धरून बसला होता. एकजण म्हणाला, प्रॉब्लेम काय आहे यांना? दामाजी ओशाळला, सॉरी म्हणाला. पण पुढच्या थांब्यापर्यंत त्याचे ओठ हलतच होते.

राहिला पाठवणीचा. तो ती शेवटी सांगणार होती, कारण नवरी वाटेला लावली की मांडवात धवलारणीचं काम संपतं. शुक्रवारी तिने तो सुरू केला. सात ओळी झाल्या, सातही त्याने उचलल्या. आठवीसाठी तिने तोंड उघडलं आणि डोळ्यांत पाणी आलं, दमाने की कशाने ते सांगता येणार नाही. ती म्हणाली, उद्या. किती ओळी राहिल्या, त्याने विचारलं. तिने बोटं दाखवली, पाच. तो म्हणाला, मग आता कशाला जीव ओढतेस, उद्या सकाळीच येतो, लवकर येतो. तिने मान हलवली. त्याने वही पिशवीत घातली, तिच्या पायांवरची चादर नीट केली, आणि रचनाला सांगून निघाला.

शनिवारी तो मुंब्र्याच्या वळणावर असताना कानातल्या यंत्रात फोन वाजला. फोन त्यातच वाजतो हे मनालीने सांगितलं होतं, पण तोवर कुणी केला नव्हता. सगळीकडे शांत होतं आणि त्या शांततेत रचनाचा आवाज अगदी जवळ आला, जसा काही त्याच्याच डोक्यात कुणीतरी बोललं. तिने एवढंच सांगितलं, मामा, सावकाश या. दामाजीने हूं म्हटलं. मग कानांतून यंत्रं काढली आणि राहिलेला सगळा रस्ता उघड्या कानांनी गेला.

वहीत तेरा धवले पुरे आहेत आणि चौदाव्याच्या सात ओळी. सरस्वती, दामाजीची बहीण, चेंदणीची धवलारीण, शनिवार दिनांक एकोणीस एप्रिल दोन हजार पंचवीस रोजी सकाळी सव्वानऊ वाजता आपल्या घरी वारली. वय एक्क्याऐंशी.